तारलीला नुसतं 'सार्डिन' म्हणून विकणं बरोबर आहे का?

तापीकाठचा:
परवा जळगावात बर्फातली तारली 'सार्डिन' अशी पाटी लावून विकायला ठेवलेली, मला हे पटत नाही. सार्डिन म्हणजे सार्डिना पिलकार्डस, त्या वंशात ही एकच जात, आणि ती भूमध्य समुद्र, काळा समुद्र नि युरोपकडच्या अटलांटिकमध्ये मिळते. तारली म्हणजे सार्डिनेला लाँजिसेप्स, वंशच वेगळा. आपण खान्देशातली माणसं, समुद्र लांब, मासा पाटीवरूनच ओळखतो, मग पाटी तरी खरी पाहिजे ना भो.

भुसावळवाला:
भाऊ, हेच युरोप म्हणत होता आणि हरला. त्यांचा १९८९ चा नियम होता की डब्यावर सार्डिन लिहायचं तर आत पिलकार्डसच पाहिजे, म्हणजे पेरूची पॅसिफिकमधली सार्डिनॉप्स बाद. पेरू जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि २००२ ला जिंकला. कोडेक्स म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था, तिच्या डबाबंद सार्डिनच्या यादीत २० च्या वर जाती आहेत, आपली लाँजिसेप्स पण आहे. मग बिचाऱ्या विक्रेत्याचं काय चुकलं?

तापीकाठचा:
यादी पूर्ण वाचा की. नुसतं 'सार्डिन' हे नाव तिथे पिलकार्डसलाच आहे, बाकीच्यांना पुढे देशाचं, भागाचं नाहीतर जातीचं नाव जोडावं लागतं.

वेंगुर्ल्याची, आता धुळ्यात:
मला दोघांचंही पटत नाही. माहेरी तारली वेगळी आणि पेडवे वेगळे, पेडवे पण सार्डिनेलाच पण तारलीचं तेल त्यांना नाही, कालवणात लगेच कळतं. इथे 'सार्डिन' म्हणून दोन्ही एकाच टोपलीत टाकतात आणि भाव तारलीचा घेतात, दोनदा फसलेय मी. आणि ही गोष्ट फक्त चवीची नाही हो, केरळात तारलीला मत्ती म्हणतात, तिथे २०१२ ला जवळपास चार लाख टन मिळालेली, २०२१ ला साडेतीन हजार टन पण नाही. सगळंच सार्डिन म्हटलं तर कोणता मासा आटला ते गिऱ्हाइकाला कळणार कसं? सरळ तारली लिहा.

भुसावळवाला:
ताई, तारली शब्द इथे किती जणांना माहीत आहे? आमच्याकडे बाजारात सुकट नि बोंबील, बाकी नदीचा मासा. पोरं सार्डिनच मागतात.

वेंगुर्ल्याची, आता धुळ्यात:
बोंबील तरी कुठे तापीत मिळतो? नाव शिकलातच ना. फिलिपाइन्सच्या ताल सरोवरात गोड्या पाण्यातली सार्डिनेला आहे, लोक तिला ताविलिस म्हणतात आणि त्याच नावानं विकतात.