आडवी अक्कलदाढ, नसेच्या जवळ आहे, काढावी का? मदत हवी आहे

बहीण 26 वर्षांची, भांडुपला राहते. खालची उजवी अक्कलदाढ आडवी अडकलीय, पुढच्या दाढेला टेकून, अर्धी हिरडीखाली. मधूनमधून हिरडी सुजते, तोंड नीट उघडत नाही, गोळ्या घेतल्या की बरं वाटतं आणि परत तेच. ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले मुळं जबड्यातल्या नसेच्या अगदी जवळ आहेत, काढताना नस दुखावली तर खालचा ओठ नि हनुवटी बधिर होऊ शकते, बहुतेकदा तात्पुरती पण क्वचित कायमची, म्हणून आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा 3डी स्कॅन, करा. आई म्हणते लवंग तेल लाव, होईल बरं. अगं पण त्याने ठणका दबेल, फटीत अडकणारं अन्न नि पुढची दाढ किडणं कसं थांबणार!

ज्यांनी अशी दाढ काढलीय त्यांनी प्लीज सांगा, ओरल सर्जनकडेच जायचं ना? कुणी फक्त वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवलीत का, कोरोनेक्टमी म्हणतात ते? नायर डेंटल किंवा सीएसएमटीजवळच्या सरकारी डेंटल कॉलेजात नंबर लवकर लागतो का? आणि नंतर लोकलच्या गर्दीतून ऑफिसला किती दिवसांनी गेलात, तिच्या सुट्ट्या फार उरल्या नाहीयेत.