'क्विअर आय'चा नवा अवतार: माणूस बदलतो की नुसता सोफा?

पंचवटीकर: 2003 साली ब्राव्हो वाहिनीवर आलेला 'क्विअर आय फॉर द स्ट्रेट गाय' आणि 2018 मध्ये नेटफ्लिक्सने नव्याने उभा केलेला 'क्विअर आय', दोन्ही पाहिले. साचा तोच. पाच क्विअर, म्हणजे समलैंगिक वगैरे, तज्ज्ञ एखाद्या गबाळ्या माणसाच्या घरी धडकतात आणि आठवड्याभरात केस, कपडे, घर, खाणंपिणं सगळं पालटतात. जुन्यात टोमणे होते, मजा होती. नव्यात दर भागाला रुमाल. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला, सगळं खरं. पण माणसाचं दुःख ऐकून घेतात आणि उपाय म्हणून आणतात काय, तर सोफा! पाचजण गेल्यावर त्याचं भाडं, पगार, एकटेपणा जागच्या जागी. आणि पाचांतला तो स्वयंपाकवाला अँटोनी अव्होकॅडो कुस्करतो, त्याला आमच्याकडे कोशिंबीर म्हणतात, स्वयंपाक नाही.

सिडकोची पार्लरवाली: काका, पहिला भाग नीट पाहिलात का? टॉम, वय 57, अमेरिकेतल्या जॉर्जियात तळघरात भाड्याने राहतो. ल्युपस या आजारामुळे चेहरा लालबुंद. कुरूपाला काही इलाज नसतो, असं स्वतःच म्हणतो. केस-दाढी बघणाऱ्या जोनाथनने त्याच्या तोंडावर फाउंडेशन थापलं नाही. हिरवी कांडी हातात दिली. हिरवा रंग लाली मारतो. लाल जागेवर थोडीशी लावायची, बोटाने थापटून जिरवायची, लावलंय हे शेजारी बसणाऱ्यालाही कळत नाही. नवरीच्या मेकअपला आम्ही हेच करतो. पण पुरुष? लग्नाच्या आठवड्यात नवरदेव येतो तोही बहिणीला पुढे करून. "ताई, याचं जरा क्लीनअप करा," ती बोलते, हा मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. भाडं तसंच राहतं म्हणून दाढीही तशीच ठेवायची का?

सातपूर जनरल शिफ्ट: तुम्ही दोघं सोफा नि दाढीतच अडकलात. पहिल्याच सीझनमधला, कोरी नावाच्या पोलिसाला पालटतात तो भाग आठवा. पाचजणांची गाडी कॅरामो चालवतोय, तो कृष्णवर्णीय. दुसराच एक पोलीस गाडी अडवतो, लायसन्स मागतो. नंतर कळतं, ही थट्टा! ज्या देशात अशा अडवण्यात माणसं जिवाला मुकली, तिथे ही गंमत? पुढे कॅरामो आणि कोरी गाडीत बसून मनमोकळं बोलतात, दोघांनाही हलकं वाटतं, की लगेच कपाट आवरायला मोकळे. त्यावर टीका झाली ती योग्यच झाली.

पंचवटीकर: मी वेगळं काय म्हणतोय?

कॉलेज रोड, रात्रपाळी: मी गे आहे, तेव्हा माझंही ऐका. पाच जणांनी दुसऱ्यांची घरं झाडत फिरायचं, हे मलाही खटकतं. पण शो आला फेब्रुवारी 2018 मध्ये. आपल्याकडे तेव्हा समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 होतं. दोन प्रौढांच्या संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने त्यातून काढले ते 6 सप्टेंबरला. चौथ्या भागातला एजे अटलांटाचा, स्वतः गे. वडील गेले, त्यांना सांगायचं राहूनच गेलं. शेवटी त्यांना लिहिलेलं पत्र सावत्र आईला वाचून दाखवतो. मी इयरफोन लावून पाहत होतो आणि बाहेरच्या खोलीत आई मेथी निवडत होती. मला त्या घरातला सोफा कोणत्या रंगाचा होता ते आठवतसुद्धा नाही.

सिडकोची पार्लरवाली: 🙏 पोलिसाच्या भागाबद्दल सातपूरकर दादांचं पटतं. अँटोनीबद्दल काकांचंही.

पंचवटीकर: कॉलेज रोड, तुझं दुःख खोटं म्हणत नाही रे. पण ते पत्र कॅमेऱ्यासमोर कशाला?

कॉलेज रोड, रात्रपाळी: कॅमेरा नसता तर नाशिकमध्ये बसून मला दिसलं असतं का ते?

पंचवटीकर: तुला दिसावं म्हणून त्या बाईने आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट लाइट-माइक लावून ऐकायची? एजेने ठरवलं, वाहिनीने ठरवलं. तिच्या चेहऱ्याकडे पुन्हा एकदा बघ आणि मग सांग.