रेफरन्स पॅरामीटरचं मॉकिंग: आधी सिग्नेचर बदला

धागाकर्ती
सी++ मध्ये युनिट टेस्ट लिहिणाऱ्यांपुढे एक मत मांडते. जे फंक्शन आपला निकाल नॉन-कॉन्स्ट रेफरन्समधून, म्हणजे कॉल करणाऱ्याच्याच व्हेरिएबलमध्ये लिहून देतं, त्याचं मॉक (टेस्टपुरता खोटा पर्याय) लिहायला बसू नका. आधी सिग्नेचर, म्हणजे फंक्शन काय घेतं आणि काय परत करतं ते, बदला.

आमच्याकडे सेन्सरची रीडिंग्ज वाचणारं एक व्हर्च्युअल (वारस क्लासमध्ये बदलता येणारं) फंक्शन आहे. ते बूल परत करतं आणि रीडिंग्ज व्हेक्टरच्या (वाढू शकणाऱ्या यादीच्या) रेफरन्समध्ये भरतं. गूगल मॉक या मॉक लिहायच्या लायब्ररीत मी नेहमीप्रमाणे डू-ऑलमध्ये (एकापाठोपाठ कृती) सेट-आर्ग-रेफरी (रेफरन्समध्ये किंमत भरणं) आणि रिटर्न ट्रू लिहिलं. सगळ्या टेस्ट हिरव्या. प्रत्यक्षात मात्र खरं फंक्शन पुश-बॅक करत होतं, म्हणजे जुन्या नोंदींमागे नव्या जोडत होतं. सेट-आर्ग-रेफरी सरळ असाइनमेंट करतं, जुनं सगळं पुसून टाकतं. तोच व्हेक्टर लूपमध्ये पुन्हा वापरणारा आमचा कोड टेस्टमध्ये बरोबर होता आणि मशीनवर व्हेक्टर दर फेरीला फुगत होता. ते शोधण्यात दोन दिवस गेले.

पॅरामीटर आत जातोय, बाहेर येतोय की दोन्ही, हे त्या एका ‘&’ वरून कळत नाही. सी++१७ पासून ऑप्शनल (किंमत असेल किंवा नसेल) आहे, सी++२३ मध्ये एक्स्पेक्टेडही (किंमत किंवा एरर) आलं. व्हॅल्यू परत करा, मग मॉकमध्ये फक्त रिटर्न उरतं आणि खोटं बोलायला जागाच राहत नाही. सी++ कोअर गाइडलाइन्समधला एफ.२० हा नियमही आउटपुटसाठी रिटर्न व्हॅल्यूच पसंत करतो.

एम्बेडेडवाला
असहमत. एफ.२० सांगितलात, तर त्याखालचे अपवादही सांगा. आतल्या लूपमध्ये कपॅसिटी (आधीच घेतलेली मेमरी) असलेला व्हेक्टर किंवा स्ट्रिंग पुन्हा वापरायची असेल तर रेफरन्सनं द्या, असं तिथेच लिहिलंय. क्लिअर केल्यावर व्हेक्टर रिकामा होतो, पण त्याची मेमरी तशीच राहते. व्हॅल्यू परत केलीत तर दर वेळी नवं ॲलोकेशन, म्हणजे मेमरी नव्यानं मागणं. कॉपी इलिजन (कंपायलरनं कॉपी टाळणं) कॉपी वाचवतं, ॲलोकेशन नाही. छोट्या बोर्डवर हीपचे (अशी मेमरी जिथून मिळते त्या साठ्याचे) तुकडे होऊन डिव्हाइस बंद पडलेलं मी पाहिलंय.

आणि तुमचा बग मॉकनं आणला नाही. फंक्शन जोडतं की पुसून लिहितं, हे हेडरमधल्या कमेंटमध्ये कुणी लिहिलंच नव्हतं. सेट-आर्ग-रेफरीऐवजी लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेलं छोटं फंक्शन) द्या, त्यात पुश-बॅक करा, मॉक खऱ्यासारखं वागेल.

धागाकर्ती
अपवाद मान्य. पण आमचं फंक्शन मिनिटाला एकदा चालतं, त्याला आतला लूप कसं म्हणायचं? बहुतेक कोडबेसमध्ये रेफरन्स सवयीनं येतो, मेमरीच्या हिशेबानं नाही.

लॅम्डाचं म्हणाल, तर ती खऱ्या फंक्शनची हातानं केलेली नक्कल झाली. उद्या कुणी खरं फंक्शन बदललं तर माझी लॅम्डा जुनंच वागत राहील आणि टेस्ट हिरवीच. यापेक्षा वाईट म्हणजे कुणी फक्त रिटर्न ट्रू लिहितो आणि रेफरन्स भरायचा विसरतो. मॉक म्हणतं ‘वाचलं’, व्हेरिएबलमध्ये मात्र आधीचीच किंमत, आणि ती योगायोगानं अपेक्षित किमतीइतकीच असली की टेस्ट पास. हे मी रिव्ह्यूमध्ये एकदा नाही, अनेकदा पकडलंय.

लायब्ररीवाला
तुम्ही दोघंही असं बोलताय की सिग्नेचर आपल्या हातात आहे. मी रोज विकत घेतलेल्या एसडीकेवर (दुसऱ्यांच्या तयार लायब्ररी-संचावर) काम करतो. तिथली फंक्शन्स रेफरन्स घेतात आणि व्हर्च्युअलही नाहीत, त्यामुळे गूगल मॉक थेट लागतच नाही. त्यावर एक पातळ रॅपर (वरचं आवरण) लिहितो आणि तो रॅपर व्हॅल्यू परत करतो. इतपत मी ताईंच्या बाजूनं.

पण रॅपरच्या आत रेफरन्स आहेच, तो टाळता येत नाही. तिथे मी मॉक वापरत नाही, छोटा फेक (खऱ्यासारखी चालणारी साधी नक्कल) लिहितो आणि एकच टेस्ट-संच फेकवर आणि खऱ्या एसडीकेवर, दोन्हीवर चालवतो. फेक आणि खरं वेगळं वागलं की त्याच रात्रीच्या बिल्डमध्ये कळतं. शिवाय कॉल करण्याआधी रेफरन्समध्ये मुद्दाम कचरा भरतो, उणे ९९९ वगैरे. भरायचं राहिलं तर टेस्ट लगेच लाल होते.

एम्बेडेडवाला
कचरा भरण्याची युक्ती उद्यापासून आमच्याकडेही. सिग्नेचर मात्र बदलणार नाही. ताई, हेडरमध्ये ‘आउट व्हेक्टरमध्ये जोडतो, रिकामा करत नाही’ ही ओळ आज टाका, बाकी वाद नंतर.

धागाकर्ती
ओळ टाकली. ऑप्शनलचा पुल रिक्वेस्टही सोबत उघडलाय.