बी-२०४ चा ओंकार, गेटवरची राणी आणि टाकीचं झाकण

बी-२०४ जोशी वहिनी: परवा गेटपाशी राणीने ओंकारच्या पोटरीला दात लावले. चिरंजीवांनी आज सांगितलं. रोज बिस्किटं घालणाऱ्यांनी वाचावं ही विनंती 🙏

ए-१०२: वहिनी, तिला पिल्लं झालीत, तो जवळ गेला असणार. रेबीजचं इंजेक्शन झालंय तिचं, कार्ड आहे माझ्याकडे.

बी-२०४ जोशी वहिनी: कार्डाची पूजा करा. ओंकारची पाणथरी (स्प्लीन) काढलीय हे काय नव्याने सांगायला हवं? अपघाताच्या रात्री निम्मी सोसायटी रक्त द्यायला आली होती.

सी-५०१ काका: कुत्र्याचं सोडा. पाण्याच्या टाकीला झाकण नाही. ठराव मंजूर आहे!!

ए-४०३: पाणथरीवाचून काही अडत नाही. आमचे साडू २० वर्षं ठणठणीत. दोन पेग पण घेतात 😄

सी-३०१ डॉक्टर: साडूंना माझा नमस्कार, पण अडतं. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस अशा काही जंतूंवर साखरेचं गुळगुळीत आवरण असतं. ते रक्तातून गाळायचं काम मुख्यतः पाणथरीचं. त्यांना धरायला लागणारी पहिली प्रतिद्रव्यंही बरीचशी तिथूनच येतात. बाकी प्रतिकारशक्ती शाबूत राहते, म्हणून माणूस धडधाकट दिसतो. ओंकारची स्लाइड मीच पाहिली होती. लाल पेशींत शाईचं टिंब पडावं तसे ठिपके. पाणथरी असती तर ते काढून टाकले असते.

बी-१०१ आजी: पपईच्या पानांचा रस द्या गं. प्लेटलेट वाढतात.

सी-३०१ डॉक्टर: आजी, पाणथरी काढल्यावर प्लेटलेट आपोआप वाढतात. त्याच्या आधीच जास्त आहेत.

ए-१०२: पण त्याच्या लशी झाल्यात ना सगळ्या?

बी-२०४ जोशी वहिनी: ऑपरेशननंतर १४ दिवसांनी सुरू केल्या, सगळ्या झाल्या. फ्लूची दरवर्षी. आता बघा ना, दुपारपासून अंग कोमट आहे, तापाची गोळी देऊन झोपवलंय, आणि इथे मला कार्ड दाखवताहेत.

सी-३०१ डॉक्टर: ताप आहे??? हे आधी सांगायचं ना वहिनी! कुत्र्याच्या लाळेत कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जंतू असतो, त्यावर लस नाही. पाणथरी नसलेल्याला तो काही तासांत आयसीयूत नेऊ शकतो. किती आहे ताप?

बी-२०४ जोशी वहिनी: १०१.२. हुडहुडी भरलीय आत्ता.

सी-३०१ डॉक्टर: डिस्चार्जच्या वेळी जवळ ठेवायला दिलेली अँटिबायोटिक आहे ना? ॲलर्जी नसेल तर पहिला डोस द्या आणि लगेच निघा. गोळी दिली म्हणून सकाळची वाट बघायची नाही. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य: पाणथरी काढलेली आहे, कुत्रा चावलाय, ताप आहे. मी फोन करून ठेवतो.

सी-५०१ काका: पुन्हा सांगतो, टाकीला झाकण नाही. मलेरियासुद्धा अशांना जड जातो. ठराव मंजूर आहे!!

सेक्रेटरी: काका, उद्या 🙏 वहिनी, माझी गाडी काढतो. ए-४०३, तुमची परत माझ्यामागे लागलीय.

ए-४०३: पाहुण्यांची आहे. पाच मिनिटं.

सेक्रेटरी: पाच नाही. आत्ता.

ए-१०२: वहिनी, मी खाली थांबलेय. ओंकारला एका बाजूने मी धरते. कार्ड पण घेतलंय, तिथे विचारतील.

बी-२०४ जोशी वहिनी: या. लिफ्ट बंद आहे.