दातुक सरळ का बोलत नाहीत? (वेगळा धागा)

आडवाट: परवा कुणीतरी इंडोनेशियातल्या मिनांगकाबाऊ लोकांच्या दातुकांबद्दल (म्हणजे कुळप्रमुखांबद्दल) लिहिलं, 'पश्चिम सुमात्रातले दातुक सोयरीक ठरवायला बसले की तासभर नुसत्या म्हणी. सरळ बोलायला जीभ झडते का?' डोकंच फिरलं. तिथल्या पाडांग शहरात दोन वर्षं काढलीत मी. पासाम्बाहानमध्ये, म्हणजे बैठकीतल्या औपचारिक बोलण्यात, आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडून परत सांगायचं, मग उत्तर. नकारही उपमेत, म्हणजे भर बैठकीत कुणाचं नाक कापलं जात नाही. बोलण्याच्या चार तऱ्हा: वडीलधाऱ्यांशी चढणीची, धाकट्यांशी उताराची, बरोबरीच्यांशी सपाट आणि सोयऱ्यांशी तिरकी. मिनांगकाबाऊ मुलूखच डोंगराळ!

खडूस: तिरकी म्हणजे आपलं लेकी बोले सुने लागे. माझ्या आईनं वीस वर्षं ऐकलंय. 'आमच्या मनीला दुधावर झाकण ठेवायची अक्कल नाही.' मनी म्हणजे मांजर. ही संस्कृती?

चिंचगूळ: +१. आमच्या सासूबाई मिक्सरशी बोलतात. 'तू तरी सकाळी वेळेवर सुरू होतोस बाबा!'

खडूस: मिक्सर!! बघा आता.

आडवाट: विषय दातुकांचा होता, मिक्सरचा नाही. तिथं वंश आईकडून, घर बायकोच्या माहेरचं, नांदायला जातो तो जावई. त्याला म्हणतात खुंटावरची राख, फुंकर आली की उडाली. टोमणा खाल्लाच तर त्यानं.

खडूस: वा, जावई खातोय हे वाचून बरं वाटलं! पण उलटून विचारलं की 'छे, तुम्हाला कोण बोललं?' ही पळवाट तिथंही असणारच. आणि इंडोनेशियाचे स्वातंत्र्यनेते मोहम्मद हट्टा त्याच मुलखातले ना, बुकिटिंग्गीचे? १९२८ मध्ये हेगच्या कोर्टात डचांना 'स्वतंत्र इंडोनेशिया' सरळ सुनावलं. तिथं म्हणी लावत बसले असते तर?

आडवाट: डच काही त्यांचे व्याही नव्हते. ज्यांच्याशी उद्या पुन्हा एका चटईवर बसायचंय, त्यांच्यासाठी असतं हे. तिथं म्हणतात, माणसाला इशारा पुरतो, जनावराला दंडुका लागतो.

खडूस: म्हणजे मी जनावर? आला ना खरा दातुक बाहेर! बरं, बैठकीपुरतं मान्य. स्वयंपाकघरात नाही. माझी आई कुठल्या चटईवर बसली होती? तिला कुणी उत्तराची पाळी दिली?

आडवाट: ...हे मात्र खरं.

चिंचगूळ: मी पाळीची वाट बघत नाही बसले. गेल्या आठवड्यात मिक्सरला म्हटलं, 'आवाज कमी कर रे, घरात माणसं राहतात.' सासूबाई दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी चटणी पाट्यावर वाटली.