आईला काचबिंदू निघालाय, मी जीन टेस्ट करू का?

चिंचगूळ: आईला काचबिंदू निघालाय. हा आनुवंशिक असतो असं वाचलं, म्हणून काल चष्म्याच्या दुकानात डोळ्याचं प्रेशर तपासून घेतलं. दोन्हीकडे १५. दुकानदार म्हणाला नॉर्मल. बहीण म्हणते जीन टेस्ट कर. करू का? 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच लिहायला येऊ नका, तेवढं मलाही कळतं.

सुपारी_खांड: अर्धी माहिती पोटात ठेवून विचारताय. आईचा ओपन अँगल (डोळ्यातलं पाणी निचरायचा कोन उघडा) की अँगल क्लोजर (तो कोन बंद)? तिच्या फाईलवर लिहिलेलं असेल. निदान कितव्या वर्षी झालं? तुमचं वय, चष्म्याचा नंबर? दम्याचा पंप, नाकातला स्प्रे, त्वचेचं मलम यांतून स्टेरॉइड चालू आहे का? ओपन अँगलवाल्यांच्या मुलाबाळांत स्टेरॉइडने डोळ्याचा दाब चढण्याचं प्रमाण जास्त असतं.

पुनर्वसू: जीन टेस्ट कराच. मायोसिलिन हा काचबिंदूचा जीन १९९७ सालीच सापडलाय. एकदा रक्त दिलं की आयुष्यभराची काळजी मिटली.

घाटमाथा: काही मिटत नाही. मोठ्या वयात ओपन अँगल झालेल्या शंभरातल्या दोन-चार जणांतच मायोसिलिनचा दोष सापडतो. बाकीच्यांत बरेच जीन थोडा थोडा हात लावतात. शिवाय आधी टेस्ट आईची करायची. तिच्यात दोष सापडला तरच तुमच्या रिपोर्टला अर्थ. तिची न करता तुमचा निगेटिव्ह आला, तर तो कागद बंबात घालायच्या लायकीचा. घरात तीन पिढ्या किंवा पस्तिशीच्या आत कुणाला झाला असेल तर गोष्ट वेगळी.

पुनर्वसू: मग आनुवंशिक नाही म्हणताय?

घाटमाथा: असं कुठे म्हटलं? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत ८० वर्षांपर्यंतचा धोका रुग्णाच्या सख्ख्या नात्यात २२ टक्के, इतरांत २.३ टक्के निघाला. धोका आहेच, पण तो डोळे तपासून कळतो.

तुळसवृंदावन: त्राटक आणि शीर्षासन रोज दहा मिनिटं. नसांना रक्त मिळतं.

सुपारी_खांड: शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. या धाग्यावर तरी तो सल्ला नको.

बटाटेपोहे: मोतीबिंदूच्या मल्टिफोकल लेन्सला कॅशलेस मिळतं का?

घाटमाथा: वेगळा धागा काढा.

चिंचगूळ: आईचा ओपन अँगल, ५४व्या वर्षी कळला. मी ४१. स्टेरॉइड नाही. चष्मा नाही, २०१२ मध्ये लॅसिक (नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन) केलं. आधी -६ होता. पण त्याचा इथे काय संबंध?

सुपारी_खांड: सगळा संबंध तिथेच आहे! लॅसिकमध्ये एका नंबरमागे साधारण १२-१५ मायक्रॉन बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) घासला जातो, म्हणजे तुमचा ७०-९० गेला. पातळ पडदा सहज दबतो, म्हणून हवेचा फुसका मारणारं यंत्र दाब कमी दाखवतं. 'इतके मायक्रॉन गेले, इतका दाब मिळवा' असं भरवशाचं सूत्र नाही. त्यात चष्मा गेला तरी डोळ्याचा गोळा लांबट तो लांबटच राहतो, -६ मुळे असलेला काचबिंदूचा धोका कायम.

घाटमाथा: दाब २१ च्या आत, म्हणजे नॉर्मल असूनही काचबिंदू होतो, हेही धरा. तपासणीचा क्रम: अप्लनेशनने (डोळ्याला टेकवून) दाब, पॅकिमेट्रीने त्या पारदर्शक पडद्याची जाडी, मग गोनिओस्कोपी, म्हणजे खास भिंगातून निचऱ्याचा कोन बघणं. ही तपासणी बाहुली मोठी करायच्या थेंबांआधी, कारण थेंबांनी कोनाचा आकार बदलतो. मग थेंब घालून ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याची मुख्य नस) बघायची, फोटो काढून ठेवायचा. शेवटी ओसीटी (नसेच्या थरांची जाडी मोजणारं स्कॅन) आणि २४-२ ची फील्ड टेस्ट (नजरेच्या कडेला किती दिसतं ते, दिवा दिसला की बटण दाबून). पहिली फील्ड बऱ्याचदा खराब येते. बटण कधी दाबायचं तेच उमगत नाही, नजर मधल्या दिव्यावरून हलते. घाबरू नका, पुन्हा करा. ओसीटीत लाल पट्टा (थर नेहमीपेक्षा पातळ) आला तरी थांबा, यंत्रातली तुलनेची माणसं मोठ्या मायनस नंबरची नसतात. थेंबांनंतर चार-सहा तास गाडी चालवायची नाही.

सुपारी_खांड: लॅसिकआधीचे कागद शोधा. आणि भावंडं असतील तर त्यांनाही न्या.

चिंचगूळ: फाईल सापडली. लॅसिकआधी पडद्याची जाडी ५३८ मायक्रॉन, दाब १९ आणि २०. म्हणजे कालचे १५ खोटे?

घाटमाथा: १९-२० लिहिलेलं पान वर ठेवून फाईल न्या. लॅसिक झालंय हे दाब मोजायच्या आधी सांगा.

बटाटेपोहे: वेगळा धागा कुठल्या विभागात काढू?