मदत हवी आहे: ओपन फूड नेटवर्क, यूपीआय आणि तोलून विकायचा भोपळा

मंडळी, नमस्कार.

पुरंदरमधल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं संगणकाचं काम मी कोथरूडहून हौसेने बघते. शनिवारी सकाळी टेम्पो दिवे घाट उतरून कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांत भाजी पोचवतो. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर. "ताई, मेथीच्या दोन जुड्या, आणि मागच्या वेळेसारखं ते" असा निरोप आला की 'ते' म्हणजे काय, हे शोधण्यात शुक्रवारची रात्र जाते.

2016 पासून राज्यात फळं-भाजी बाजार आवाराबाहेर विकायला मोकळीक आहे, तेव्हा गुलटेकडीला, पुण्याच्या मार्केट यार्डात, माल नेलाच पाहिजे असं नाही. घोडं अडलंय हिशेबात. ग्राहकांची यादी आणि भाव आपल्याच हातात हवेत, म्हणून तयार अ‍ॅपवाल्यांना संचालक मंडळाचा नकार (मलाही पटतो).

म्हणून ओपन फूड नेटवर्क चाचपून बघतेय, म्हणजे शेतमालाचं स्वतःचं ऑनलाइन दुकान चालवायचं सॉफ्टवेअर. 2012 साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेलं, ना-नफा, एजीपीएल या मुक्त परवान्याचं (कोड सगळ्यांना खुला), रुबी ऑन रेल्स या वेब-चौकटीवर बांधलेलं. त्यातली 'ऑर्डर सायकल' आमच्यासाठीच केल्यासारखी वाटते: बुधवारी दुकान उघडायचं, शुक्रवारी दुपारी बंद, मग कोणत्या शेतकऱ्याने किती तोडायचं त्याची यादी हातात. वाहतूक आणि पॅकिंगचा खर्चही वेगळा दाखवता येतो.

अडचणी दोन. आत ऑनलाइन पैशांसाठी स्ट्राइप आणि पेपाल आहेत. स्ट्राइप 2024 पासून भारतात नवी खाती निमंत्रणावरच देतं, आणि आमचं गिऱ्हाईक यूपीआयशिवाय बोलत नाही. भारतीय गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) कोणी जोडलाय का? मूळ कोडला हात लावला की पुढचं प्रत्येक अपडेट घेताना डोकेदुखी, म्हणून बिचकतेय.

दुसरं, जुडी नगावर लावली, पण लाल भोपळा? किलोचा भाव, आणि खरं वजन तोडणीनंतर कळणार.

ओएनडीसी (सरकारी पुढाकाराचं खुलं ऑनलाइन खरेदी-विक्रीचं जाळं) सुचवणार असाल तर आधीच सांगते: तिथे गेलो तरी स्वतःचं विक्री केंद्र चालवायला सॉफ्टवेअर लागणारच.

प्रतिसाद 1:
भोपळ्याचं सोपं आहे. 'बल्क ऑर्डर मॅनेजमेंट' पानावर प्रत्यक्ष वजन टाका, रक्कम आपोआप बदलते. आणि तसं असेल तर आगाऊ पैसे घेताच कशाला? पेमेंटची पद्धत 'रोख/इतर' ठेवा. वजन झालं की यूपीआय लिंक पाठवा. तिच्यात रक्कम आणि टीप आधीच भरता येते, टिपेत ऑर्डर क्रमांक घाला. छोटी स्क्रिप्ट पुरते, मूळ कोडला हातही लागत नाही. फक्त कंपनीच्या बँक स्टेटमेंटवर ती टीप उमटते का, ते रुपया पाठवून बघा.

धागाकर्ती:
हे जमेल, आभार! पण माल दारात पोचल्यावर पैसे मागायचे म्हटलं की संचालक लगेच उधारीची वही आठवतील. नंतर पैसे घेणारं कोणी आहे का इथे? थकबाकी कशी वसूल करता?

प्रतिसाद 2:
आम्ही सोसायटीगणिक एक ताई नेमली आहे. मागची बाकी असेल तर पुढची पिशवी ती देत नाही. सॉफ्टवेअरपेक्षा तिचाच धाक जास्त.